घरून काम करताय? या चुका टाळा

"मूडच लागत नाही" ही तक्रार घेऊन येणाऱ्याला मी आधी विचारतो, सकाळी कधी बसतोस आणि रात्री कधी उठतोस? पहिल्याचं उत्तर लगेच येतं, दुसऱ्याला सगळे अडखळतात.

आमच्या टीममधला नाशिकचा एक पोरगा. क्लायंट न्यू जर्सीचा. उन्हाळ्यात त्यांचं घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे, म्हणजे तिकडची सकाळी दहाची मीटिंग इथे संध्याकाळी साडेसातला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेने घड्याळं मागे घेतली की तीच मीटिंग साडेआठला. पठ्ठ्या मात्र लॅपटॉप सकाळी नवालाच उघडायचा, का तर "घरीच तर आहे". डिसेंबरपर्यंत त्याचा कोड वाचवेना. मग त्याने महागडी खुर्ची घेतली, हेडफोन घेतले, पंचवीस-पंचवीस मिनिटांचा गजर लावणारं ॲप घेतलं. अहो, बारा-बारा तास बसणाऱ्याला गजर काय करणार? शेवटी मी त्याला सकाळी लॅपटॉप उघडायलाच बंदी केली. साडेबाराला सुरुवात, मीटिंग संपली की शटर खाली. आधी नुसता चिडचिडला, कारण त्याला दोन दिवसांत फरक हवा होता. महिन्याभराने तक्रार थांबली. मार्चचा दुसरा रविवारही कॅलेंडरात टाकून ठेवा, तेव्हा सगळं परत तासभर अलीकडे येतं.

दुसरी चीड चॅटमध्ये नावापुढे 'जागेवर आहे' असं दाखवणाऱ्या हिरव्या ठिपक्याची. तो पिवळा होऊ नये म्हणून जेवतानाही माऊस हलवत बसणारे महाभाग मी पाहिलेत. त्यापेक्षा चॅटवर 'जेवतोय, अडीचला येतो' असं टाका आणि नीट जेवा. मी तेच करतो, आजवर कुणी हरकत घेतलेली नाही.

पलंगावर लॅपटॉप नको, पाठ आणि झोप दोन्ही जातात. राऊटरला छोटा यूपीएस लावा, महावितरण तुमचा डेमो बघून वीज बंद करत नाही. घरच्यांना वेळ सांगून ठेवा, नाहीतर सिलेंडर, कुरिअर आणि 'जरा दळण टाकून ये' तुमच्याच वाट्याला येणार. आईला कॅलेंडर दाखवून उपयोग नाही, सरळ दाराला कडी लावा.

आणि हातातलं संपवूनच उठायचा हट्ट सोडा. मी रात्री एखादं सोपं काम मुद्दाम अर्धवट ठेवतो, पुढची पायरी चिठ्ठीवर लिहून कीबोर्डखाली सारतो. दुसऱ्या दिवशी मेल उघडायच्या आधी तेच हातात घेतो.