जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीच्या कामात नवीन असाल तर: भिंत बुजवायच्या आधी एवढं करा

सिव्हिल इंजिनीअरिंग झालंय, बीओक्यू (कामांची आणि मापांची यादी) वाचता येतं, आरए बिल (काम चालू असताना टप्प्याटप्प्याने काढायचं बिल) कसं बनतं ते माहितीय असं धरून लिहितोय. बडोद्यात दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या जुन्या वाड्याच्या कामावर पहिल्यांदा लागलात तर सुरुवातीला काहीच उमगत नाही, सगळ्यांचं तसंच होतं, घाबरू नका. नव्या बिल्डिंगला ड्रॉइंग आधी आणि काम नंतर. इथे प्लास्टर उखडल्यावर कळतं की विटांच्या आत सागाचा खांब आहे, किंवा कोणीतरी चुन्याच्या भिंतीवर सिमेंट फासून ओल आतच कोंडलीय. म्हणजे खरी माहिती काम चालू असताना निघते, आणि त्या दिवशी तिथे जो उभा होता त्याच्याच डोक्यात राहते.

आता मुद्द्याचं. फोटो. सगळे सांगतात फोटो काढ, ग्रुपवर टाक, झालं. नाही होत! आमच्या साइटवर एका खांबाचा बुडखा वाळवीने खाल्लेला निघाला, सुताराने तेवढा कापून नवीन लाकूड जोडलं, सांध्याला लोखंडी पट्ट्या बोल्टने आवळल्या, फोटो ग्रुपवर गेले, वरून चुन्याचं प्लास्टर झालं. मग होळी आली. दाहोदकडची माणसं होळीला गावी जाणारच, ते धरूनच प्लॅनिंग करायचं असतं, पण नंतर आली ती दुसरीच टोळी, सुतारही दुसऱ्या कामावर, आणि एसीवाल्याच्या माणसाने पाइपसाठी भोक पाडलं ते नेमकं त्या सांध्यात. फोटो ढिगाने होते हो, पण कुठली खोली, कुठली भिंत, किती उंचीवर, एकातही कळत नव्हतं. उघड्या विटांच्या भिंती सगळ्या सारख्याच दिसतात. टेकू लावून परत सगळं खोलावं लागलं. अजून आठवलं की जीव जळतो.

म्हणून बुजवायच्या आधी भिंतीवर खडूने खोलीचा नंबर आणि तारीख लिहा, टेप उभी धरा, एक फोटो लांबून ज्यात दार नाहीतर खिडकी येईल, एक जवळून. फरशीपासून आणि कोपऱ्यापासूनचं अंतर प्लॅनच्या प्रिंटवर लाल पेनने मांडा, तिथेच उभं राहून, उद्यावर टाकलंत की गेलं. आणि ती प्रिंट बघून सही केल्याशिवाय पुढच्या कुठल्याही ठेकेदाराला ड्रिल चालू करू देऊ नका. लोक चिडतात. चिडू द्या.

महागडं सॉफ्टवेअर घेतलं की सगळं सुटतं असं मला बिलकुल वाटत नाही, ऑफिसातलं कॉम्प्युटरवरचं मॉडेल कडियापर्यंत, म्हणजे गवंड्यापर्यंत, पोचतच नाही. आणि शिकायचंय तर साहेबांच्या मागे फिरण्यापेक्षा जुन्या मिस्त्रीकाकांबरोबर चहाला बसा. चुना किती मुरवला, कुठला थर सुकायला वेळ लागला, त्यांना लिहून मागू नका, गुजरातीत विचारा, त्यांची हरकत नसेल तर फोनवर रेकॉर्ड करा, आणि रजिस्टरमध्ये उतरवताना त्यांचं नाव लिहा, आपलं नाही. तुमची भाषा, तुमचा धीर, सगळं हळूहळू येतं, खरंच येतं.

शेवटच्या बिलाबरोबर लाल खुणांच्या प्लॅनची एक कॉपी मालकाच्या हातात द्या, कारण गीझर बसवायला येणारा प्लंबर तुम्हाला फोन करणार नाही, मालकालाच विचारणार.