पाड्यावरची विहीर पावसाळ्यात: टीसीएलचं माप, ओटी चाचणी आणि ओआरएस

मेळघाटात जुलाबाची साथ बहुतेकदा पहिल्या मोठ्या पावसानंतर डोकं वर काढते. उतारावरचं शेण, उघड्यावरची विष्ठा, गाळ असं सगळं वाहत येतं आणि कठडा नसलेल्या विहिरीत उतरतं. जुलै २०२२ मध्ये चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारीत उघड्या विहिरीच्या पाण्यातून कॉलरा पसरला, माणसं दगावली. टीसीएलची, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरीची, गोणी बहुतेक ग्रामपंचायतींत असते. कमी पडतं ते माप, आणि पावडर टाकल्यानंतरची तपासणी. कठड्यावरून मूठभर पावडर भिरकावली आणि रजिस्टरवर सही केली, याला शुद्धीकरण म्हणता येत नाही. शेवटच्या घरातल्या हंड्यातलं पाणी ओटीच्या (पाण्यात क्लोरीन आहे का ते दाखवणाऱ्या ऑर्थोटोलिडिन द्रावणाच्या) थेंबांनी पिवळं झालं, तरच त्या दिवसाचं काम झालं.

हे लिहिलंय जलसुरक्षक (गावच्या पाण्याचं शुद्धीकरण बघणारा माणूस), आशाताई, अंगणवाडीताई आणि पाड्यावरच्या शाळेतल्या शिक्षकांसाठी.

आधी विहीर मोजा

विहिरीत पाणी किती आहे हे कळल्याशिवाय पावडर किती टाकायची ते ठरत नाही. दोन गोष्टी मोजायच्या: विहिरीचा आतला व्यास आणि पाण्याची खोली. व्यास मोजताना दोरी या काठापासून त्या काठापर्यंत ताणून धरा. जुन्या विहिरी क्वचितच नेमक्या गोल असतात, म्हणून आडवं-उभं असं दोनदा मोजून सरासरी काढा. खोलीसाठी दोरीला दगड बांधून तळाला टेकवा, वर ओढा आणि फक्त ओला झालेला भाग मोजा. कोरडा भाग धरू नका. ही चूक नेहमी होते आणि तिच्यामुळे पावडर दुप्पट पडते.

हिशेब फुटांत करायला सोपा जातो. व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली गुणिले २२, म्हणजे लिटर. १३ फूट व्यास आणि १० फूट पाणी असेल तर १३ × १३ × १० × २२ = ३७,१८०, म्हणजे साधारण ३७,००० लिटर. विहीर चौकोनी असेल तर लांबी × रुंदी × खोली × २८.

उन्हाळ्यात मोजलेला आकडा जुलैत चालत नाही. भर पावसात पाणी दोन दिवसांत पाच-सहा फूट चढू शकतं. कठड्याच्या आत ऑइलपेंटनं फुटाच्या खुणा करून ठेवल्या की रोज दोरी सोडावी लागत नाही. त्या खुणांशेजारीच त्या पातळीला किती ग्रॅम पावडर लागते तेही रंगवून टाका. जलसुरक्षक रजेवर असला तरी दुसऱ्या कुणाला काम करता येतं.

पावडर किती, आणि ती चांगली आहे का

ताज्या टीसीएलमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. गोणी उघडली, ओल लागली, ऊन लागलं की तो उडून जातो आणि मागे चुना राहतो. पावडरीत गुठळ्या झाल्या असतील, नाकाला झोंबणारा वास येत नसेल, तर ती वापरू नका. नमुना जिल्हा आरोग्य प्रयोगशाळेत पाठवा. क्लोरीन २० टक्क्यांच्या खाली असेल तर गोणी बदलून मागा.

स्वच्छ पाण्याला आणि चांगल्या पावडरीला १,००० लिटरमागे अडीच ग्रॅम पुरतात. पावसाळ्यात पाणी गढूळ असतं आणि क्लोरीन त्या घाणीतच खर्ची पडतो, म्हणून ५ ग्रॅमपासून सुरुवात करा. वरच्या विहिरीला ३७ × ५ = १८५ ग्रॅम. हा आकडा सुरुवातीचा आहे. शेवटचं माप ओटीचा रंग ठरवतो.

पाड्यावर तराजू नसतो. बाजाराच्या दिवशी किराणा दुकानात १०० ग्रॅम पावडर वजन करून घ्या, एका प्लास्टिकच्या पेल्यात ओता आणि जिथवर आली तिथे खूण करा. मग तो पेला दुसऱ्या कशालाही वापरायचा नाही. चमचा आणि मूठ हे माप धरू नका, कारण दाबून भरलेल्या आणि सैल भरलेल्या चमच्यात बराच फरक पडतो.

पावडर जाड प्लास्टिकच्या पिशवीत तोंड घट्ट बांधून, जमिनीपासून वर, फळीवर आणि अंधाऱ्या कोरड्या जागी ठेवायची. खत, कीटकनाशक, रॉकेल यांच्या शेजारी नको. संडास धुवायचं अ‍ॅसिड तिच्यात मिसळलं तर विषारी वायू तयार होतो, तेव्हा ती बाटली त्या खोलीतही ठेवू नका.

विहिरीत टाकायची रीत

कोरडी पावडर विहिरीत कधीच टाकायची नाही. प्लास्टिकची बादली घ्या, लोखंडी नको. तोंडाला रुमाल बांधा, वाऱ्याकडे पाठ करा. एका बादलीला १०० ग्रॅमपेक्षा जास्त पावडर घालू नका. १८५ ग्रॅमला दोन बादल्या लागतील. आधी थोडं पाणी घालून गुठळ्या मोडत पातळ लापशीसारखं कालवा, मग पाऊण बादली पाणी भरून ढवळा आणि ५ ते १० मिनिटं तशीच ठेवा. पांढरा चुना खाली बसतो. वरचं निवळ पाणी हळूच दुसऱ्या बादलीत ओता. क्लोरीन त्या निवळीत असतो. खालचा गाळ विहिरीपासून लांब, खड्ड्यात टाका.

हा गाळ विहिरीत गेला की पाणी जड होतं आणि बाया म्हणतात, 'पावडर टाकली की डाळ शिजत नाही.' त्यांची तक्रार खरी असते. तिला अंधश्रद्धा म्हणून झटकू नका, गाळ वेगळा काढा.

निवळीची बादली दोरीनं विहिरीत सोडा, पाण्याखाली बुडवा आणि वर-खाली, डावी-उजवी जोरात हलवा. नुसती ओतली तर क्लोरीन वरच्या थरातच राहतो आणि तळातलं पाणी तसंच राहतं. त्यानंतर किमान एक तास कुणी पाणी काढायचं नाही. म्हणून ही वेळ रात्रीची ठेवा, शेवटचा हंडा भरून गेल्यावर. सकाळी बाया पाण्याला येईपर्यंत औषध मुरलेलं असतं, वासही कमी झालेला असतो. उघड्या विहिरीत क्लोरीन दुसऱ्या दिवसापर्यंत फारसा टिकत नाही. पावसाळाभर हे रोज करावं लागतं, आठवड्यातून एकदा करून भागत नाही.

ओटी चाचणी

एक तासानं विहिरीचं पाणी काढा, नळी खुणेपर्यंत भरा, किटवर लिहिलेत तितके ओटीचे थेंब टाका आणि लगेच, १० सेकंदांच्या आत, रंग पट्टीशी जुळवून बघा. उशीर केला तर रंग आपोआप गडद होत जातो आणि क्लोरीन आहे त्यापेक्षा जास्त वाटतो. रंग पांढऱ्या कागदासमोर, सावलीत बघा. तासाभरानंतर विहिरीत क्लोरीन ०.५ पीपीएम (लिटरला अर्धा मिलिग्रॅम) यायला हवा, आणि घरात पिताना किमान ०.२.

रंग आलाच नाही तर आधीच्या मापाच्या निम्मी पावडर पुन्हा वरच्याच रीतीनं टाका, तासभर थांबा, पुन्हा तपासा. त्या दिवशी एकूण जितकी लागली, ते उद्याचं माप. रंग नारिंगीकडे झुकला तर उद्या माप कमी करा. नाहीतर लोक त्या पाण्याला कंटाळून नाल्याकडे वळतील.

सगळ्यात महत्त्वाची तपासणी सकाळी घरोघर. नळयोजना असेल तर पहिला नळ, मधला आणि सगळ्यात शेवटचा. पहिल्या नळाला पिवळा रंग आणि शेवटच्याला काहीच नाही, याचा अर्थ बहुधा मधे पाइप फुटलाय आणि गटाराचं पाणी आत ओढलं जातंय. तिथे टाकीत पावडर वाढवून उपयोग नाही, गळती शोधा. नळावर रंग आहे आणि हंड्यात नाही, तर हंडा रोज घासला जात नाही किंवा पाणी दोन दिवसांचं शिळं आहे.

ओटीचं द्रावण विषारी आहे. तपासलेलं पाणी ओतून द्या, नळी त्याच हंड्यात बुडवू नका, हात धुवा.

झिरे, टाक्या, हातपंप

उन्हाळ्याच्या शेवटी अनेक पाड्यांचं पाणी नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यातून येतं. झिऱ्यात टीसीएल टाकून काही साधत नाही, पाणी सतत झिरपत राहतं. तिथे घरातच उपाय करावा लागतो: चार पदरी सुती कापडातून गाळायचं, मग ०.५ ग्रॅमची क्लोरीनची गोळी २० लिटरला एक, आणि अर्धा तास झाकून ठेवायचं. गोळ्या नसतील तर खळखळून उकळा.

आश्रमशाळेची ५,००० लिटरची टाकी असेल तर २५ ग्रॅम, हीच निवळीची रीत. टाकी महिन्यातून एकदा रिकामी करून घासा. हातपंपाचं पाणी एरवी बरं असतं. पण पंपाभोवतीचा ओटा फुटून सांडपाणी तिथेच मुरत असेल किंवा पुरात पंप बुडाला असेल, तर दुरुस्ती आणि शुद्धीकरण होईपर्यंत तो बंद ठेवा.

शाळेला यात ओढा

वर्तुळाचं क्षेत्रफळ आणि घनफळ शिकवण्यासाठी पाड्यावरच्या विहिरीहून चांगलं साधन नाही. सहावी ते आठवीच्या मुलांकडून कठड्याबाहेरून, शिक्षक सोबत असताना, दोरीनं मापं घ्या आणि शाळेच्या भिंतीवर प्रत्येक विहिरीचा तक्ता लावा. मुलांनी घरून बाटलीत पाणी आणावं, ओटी शिक्षकांनी टाकावी, रंग मुलांनी वाचून फळ्यावर लिहावा. 'आमच्या घरी पिवळं आलं नाही' हे पोरगं संध्याकाळी घरी सांगतं, त्याचा परिणाम आरोग्य विभागाच्या पोस्टरपेक्षा जास्त होतो. पावडर मात्र मुलांच्या हाती द्यायची नाही.

कोरकू घरांत हे सगळं कोरकूतून सांगा. मराठीतून सांगितलं की माना डोलतात, पण प्रश्न कुणी विचारत नाही.

तरीही जुलाब लागले तर

ओआरएसमध्ये सगळ्यात मोठी चूक पाण्याच्या मापाची होते. मोठं, २०.५ ग्रॅमचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यासाठी असतं. ते एका पेल्यात कालवलं की मीठ जास्त होतं आणि लेकराला धोका होतो. लिटरचं माप म्हणून पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली प्रत्येक घरात ठेवायला सांगा. २०० मिलिलिटरची छोटी पाकिटंही येतात, तेव्हा वाटताना दोन्ही प्रकार एकाच घरात देऊ नका. कालवल्यावर उकळायचं नाही, वरून साखर घालायची नाही, २४ तासांनी उरलेलं टाकून द्यायचं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्याला सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

दर जुलाबानंतर दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ५ चमचे, दोन महिने ते दोन वर्षांच्या लेकराला ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिलिलिटर. उलटी झाली तर १० मिनिटं थांबून चमच्या-चमच्यानं पुन्हा सुरू करा. अंगावरचं दूध बंद करू नका, जेवणही नाही. सोबत १४ दिवस झिंक: सहा महिन्यांवरच्या मुलाला २० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले की आया गोळी थांबवतात, म्हणून आशाताईंनी सातव्या दिवशी घरी जाऊन पट्टीतल्या गोळ्या मोजाव्यात.

हे घरच्या माणसांना जमतं. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याच्या वेळी सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा यांचं पाणी रुग्णांच्या नातेवाइकांच्या हातूनच पाजलं आणि मृत्यू झपाट्यानं कमी झाले.

डोळे खोल गेले, पोटाची चिमटीत धरलेली कातडी सोडल्यावर दोन सेकंदांत बसली नाही, लेकरू मलूल पडलं, पाणी घेईना, शौचात रक्त दिसलं किंवा बाळ दोन महिन्यांच्या आतलं आहे, तर थांबू नका. १०८ ला फोन करा, गाडी जिथवर येते तिथवर न्या, आणि शुद्धीवर असेल, गिळत असेल तर वाटेत ओआरएस पाजत राहा. अनेक घरं आधी भुमकाकडे, म्हणजे पाड्यावरच्या पारंपरिक वैद्याकडे, जातात. त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा त्याच्याकडे दहा पाकिटं ठेवा आणि ही लक्षणं त्यालाही दाखवा.

एका पाड्यावर एकाच दिवशी दोन-तीन घरांत जुलाब, किंवा मोठ्या माणसाला तांदळाच्या धुवणासारखे जुलाब, एवढं कळलं की त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. औषध सुरू होण्याआधी शौचाचा नमुना घ्यायला सांगा, अँटिबायोटिक गेल्यावर जंतू सापडणं अवघड होतं. त्या रात्री विहिरीचं माप दुप्पट करा.

साठा

वरच्या विहिरीला रोज १८५ ग्रॅम म्हणजे पावसाळ्याच्या १२० दिवसांना साधारण २२ किलो पावडर लागते. माप दुप्पट करावं लागणारे दिवस धरले तर २५ किलोही कमी पडू शकतात, तेव्हा ३० किलोची मागणी द्या. पण सगळी पावडर मेमध्ये आणून ठेवली तर ऑगस्टपर्यंत तिचा जोर उतरलेला असतो. म्हणून १५ किलो मेअखेर, रस्ता बंद व्हायच्या आत, आणि उरलेली जुलैच्या उघडिपीत आणायची. मागणीपत्र ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) एप्रिलमध्येच द्या, कारण एप्रिलमध्ये पाणीस्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण असतं. गावाला लाल (पाणी जास्त धोक्याचं), पिवळं की हिरवं कार्ड मिळतं हे तेव्हाच ठरतं, आणि लाल कार्ड असेल तर मागणी पुढे रेटायला ग्रामसभेत तेच कार्ड दाखवता येतं.