कंपनीवर बँकेचा बोजा असताना आपली उधारी कशी वसूल करावी

रबाळे, महापे किंवा वागळे इस्टेटमधल्या एखाद्या कंपनीला माल दिला, बिल थकले आणि मालक फोन घेईनासा झाला, की वकिलाकडे जाण्याआधी एमसीएचे (केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाचे) पोर्टल उघडा. कंपनीचे नाव टाकले की चार्जेसची, म्हणजे मालमत्तेवरच्या बोजांची, यादी मिळते: कोणत्या बँकेचा बोजा, किती रकमेचा, कधीचा, फिटला की अजून उभा आहे. १०० रुपये भरून कागदपत्रे पाहता येतात. त्यातला सीएचजी-१ फॉर्म (बोजाच्या नोंदणीचा) वाचाच. ‘स्टॉक, बुक डेट्स (ग्राहकांकडचे येणे), प्लांट-मशिनरी, फॅक्टरी इमारत’ असे सगळेच त्यात आले असेल, तर दुसऱ्यासाठी बँकेने काही सोडलेले नाही.

याचा अर्थ आकड्यांत बघू. समजा तुमचे येणे १८ लाख, बँकेचे १२ कोटी. कंपनी बुडाली, लिलावात ७ कोटी आले. दिवाळखोरी संहितेच्या कलम ५३ प्रमाणे आधी प्रक्रियेचा खर्च. मग कामगारांचे २४ महिन्यांचे येणे आणि तारणावरचा हक्क सोडून रांगेत आलेली बँक, दोघे बरोबरीने. मग इतर कर्मचारी, विनातारण कर्ज देणारे, सरकार. माल पुरवणारे त्यांच्याही मागे. तुमच्यापर्यंत छदामही येत नाही. त्यामुळे वसुलीचा सगळा जोर कंपनी चालू असतानाच लावायचा.

त्यासाठी पीओ (खरेदी ऑर्डर), सही-शिक्क्याची चलाने, ई-मेल एकत्र करा आणि गोड बोलून बॅलन्स कन्फर्मेशनवर, म्हणजे बाकी मान्य असल्याच्या पत्रावर, सही घ्या. दाव्याची मुदत साधारण ३ वर्षांची असते; ती संपण्याआधी लेखी कबुली मिळाली तर पुन्हा नव्याने मोजली जाते. तुमची डाय, मोल्ड किंवा जॉबवर्कचा माल त्यांच्या शेडमध्ये पडून असेल, तर रीतसर चलान करून आताच परत आणा.

तुमची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) माल देण्याआधीची असेल आणि उद्योग सूक्ष्म किंवा लघु असेल, तर सर्वांत धारदार हत्यार तुमच्याच हातात आहे. लेखी करार असला तरी पैसे ४५ दिवसांत यायला हवेत, करार नसेल तर १५. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. अशा थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या सुविधा परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करता येतो, आणि तिथला निकाल तुमच्या बाजूने लागला तर त्याला आव्हान द्यायला समोरच्याला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. नुसत्या खरेदी-विक्रीच्या व्यापाऱ्यांना हा मार्ग नाही. समोरच्याच्या सीएला एक मेल मात्र जरूर टाका: १८० दिवसांत बिल दिले नाही तर घेतलेले जीएसटी क्रेडिट व्याजासह परत करावे लागते. माझ्या मते मालकाला दहा फोन करण्यापेक्षा हा मेल बरा.

चेक वटला नसेल तर बँकेचा मेमो हाती आल्यापासून ३० दिवसांत नोटीस पाठवा. ती मिळाल्यावर त्यांना १५ दिवस. तरीही पैसे नाहीत तर पुढच्या एका महिन्यात तक्रार.

दिवाणी दावा करायचा तर ३ लाखांपासून पुढचा व्यापारी वाद व्यावसायिक न्यायालयात जातो आणि तातडीचा आदेश नको असेल तर आधी मध्यस्थी सक्तीची असते. पण डिक्री (वसुलीचा हुकूमनामा) मिळाली तरी जप्त काय करणार? मशिनरीवर बँक आधी बसलेली. कॅश क्रेडिट खाते उणे असेल तर त्यात कंपनीचा पैसाच नसतो, बँकेने दिलेली मर्यादा असते. म्हणून फिटलेल्या चार्जची किंवा बोजा नसलेली मालमत्ता आधी हुडका. पुढच्या ऑर्डरपूर्वी संचालकाची वैयक्तिक हमी लेखी मागा.

‘एनसीएलटीत (कंपन्यांची दिवाळखोरी चालवणाऱ्या न्यायाधिकरणात) खेचतो’ ही धमकी जपून द्या. तिथे किमान १ कोटीची थकबाकी लागते. अर्ज दाखल करून घेतला गेला की मोरेटोरियम (कंपनीवरच्या दाव्यांना स्थगिती) लागतो आणि तुमचा स्वतःचा दावाही थांबतो. म्हणजे स्वतःच्याच पायावर धोंडा. चेकच्या खटल्यात जबाबदार संचालक मात्र त्यामुळे सुटत नाहीत.

आणि दुसऱ्या कुणी कंपनीला तिथे नेलेच, तर दावे मागवणाऱ्या जाहीर सूचनेवर नजर ठेवा. ती वर्तमानपत्रांत आणि आयबीबीआय या दिवाळखोरी मंडळाच्या संकेतस्थळावर येते. माल किंवा सेवा पुरवणाऱ्याने फॉर्म बी हा दाव्याचा अर्ज भरायचा, सोबत बिले आणि खातेउतारा जोडून, सूचनेतल्या शेवटच्या तारखेच्या आत. तुमचा माल अजून त्यांच्या आवारात असेल, तर त्यासाठी रिझोल्यूशन प्रोफेशनलला (दिवाळखोरीत कंपनीचा कारभार पाहणाऱ्या व्यक्तीला) वेगळे पत्र द्या आणि मालकीची चलाने जोडा. तिसऱ्याची मालमत्ता त्यांना कंपनीची म्हणून विकता येत नाही.