घरी आई, वर्गात बाई: परदेशात आपल्याच मुलाला मराठी शिकवताना

परदेशात मराठीचा वर्ग घेणाऱ्या आईसमोर इतरांच्या मुलांत तिचंही मूल बसलेलं असतं, आणि अडचण तिथूनच सुरू होते. जेवतानाही वाक्यावाक्याला चूक काढली, तर ते मूल चार दिवसांत शाळेच्या भाषेत उत्तरं देऊ लागतं. तिथे त्याला कोणी टोकत नाही.

म्हणून वाटणी करा. बोलणं घरात, लिपी आणि व्याकरण वर्गात. 'मी पुस्तक वाचलो' असं कानावर आलं तर अडवू नका. 'वाचलंस? सगळं वाचलंस?' एवढंच विचारा. मूल परक्या भाषेत बोललं तरी तुम्ही मराठीतच पुढे चला. 'मला कळलं नाही' हे नाटक नको. कळतं हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

वर्ग 45 मिनिटांचा पुरे: 10 मिनिटं गप्पा, 15 अक्षरं, 10 खेळ, 10 गोष्ट वाचून दाखवणं. स्वतःच्या मुलाला पहिला प्रश्न विचारू नका, नमुना म्हणून पुढे करू नका. वर्गात त्याने 'आई' म्हटलं तर ओ द्या. 'बाई'ची सक्ती फार दिवस टिकत नाही.

तक्ता घेऊन 'अ'पासून सुरुवात करण्यात वेळ जातो. ग, म, न, र एवढ्यावर पहिल्याच दिवशी नगर, मगर, गरम, नरम वाचता येतं. जुन्या 'गमभन'मधला भ मात्र मागे ठेवा. म पक्का होण्याआधी भ आला की दोन्ही एकच वाटतात. घ-ध आणि य-थ यांचंही तसंच, म्हणून जोडीतल्या दोन अक्षरांत दोन आठवडे तरी जाऊ द्या. मग खूण सांगा: भ, ध, थ यांच्या डोक्यावरची रेघ तुटलेली असते.

ऱ्हस्व वेलांटी बोलताना अक्षरानंतर येते, लिहिताना आधी. त्यामुळे 'दिवस'चं 'दीवस' होतं. डावीकडे बोटभर जागा सोडून आधी द काढायला सांगा, वेलांटी मागून जोडू दे.

ळ आणि ण शाळेच्या भाषेत नसतील, तर मुलाच्या कानालाच ते वेगळे लागत नाहीत. नुसतं 'म्हण, म्हण' करून उपयोग नाही. आधी ओळखू द्या: तुम्ही 'काल' म्हटलं की डावा हात वर, 'काळ' म्हटलं की उजवा. तसंच मन आणि मण. दहापैकी आठ वेळा बरोबर आलं की मग उच्चाराकडे वळा.

लिंगाची यादी पाठ करून घेऊ नका. नाम कधी एकटं सांगायचंच नाही. तो दिवा, ती खुर्ची, ते झाड. 'घोडाला' आणि 'घोड्याला' यांतला फरक वर्षभर थांबू शकतो.

आजी-आजोबांच्या व्हिडिओ कॉलआधी मुलाकडून दोन प्रश्न तयार करून घ्या, नाहीतर संभाषण 'बरा आहेस ना?' 'हो' यावरच आटपतं. आणि नातवाच्या उच्चारांना हसू नका, हे आजी-आजोबांना आधीच सांगून ठेवा.