महागडा हेडफोन ॲम्प घेण्याआधी घरच्या घरी करायची चाचणी

फोनच्या चार्जिंगच्या तोंडाला लावून हेडफोन जोडायचा साधा यूएसबी-सी डोंगल आणि त्याच्या कितीतरी पट किमतीचा हेडफोन ॲम्प (हेडफोनला जास्त ताकद देणारा ॲम्प्लिफायर), यांच्या आवाजात फरक असतो का? दुकानात ऐकताना तो हमखास जाणवतो. पण तिथे दोन्हींच्या आवाजाची पातळी सारखी नसते, आणि जो किंचित मोठा वाजतो तोच कानाला जास्त खुला, जास्त भरदार वाटतो. म्हणून पैसे मोजण्याआधी पातळी जुळवून, न बघता तुलना करा. एखाद्या मित्राकडून ॲम्प दिवसभरासाठी मागून आणा.

आधी कागदावर हिशेब

सेनहायझर एचडी 650 हा 300 ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं, इम्पिडन्सचं, माप) हेडफोन 1 व्होल्टला सुमारे 103 डेसिबल देतो. ॲपलच्या डोंगलची अमेरिकी आवृत्ती साधारण तेवढाच व्होल्टेज देते, युरोपातली त्याच्या निम्मा. म्हणजे '300 ओहम आहे, मोठा ॲम्प लागणारच' हा समज बहुतेकांच्या ऐकण्यापुरता तरी खरा नाही. उलट हायफायमन एचई-6 फक्त 50 ओहमचा, पण 1 मिलिवॅटला जेमतेम 83.5 डेसिबल देणारा. त्याला गाण्यातल्या 110 डेसिबलच्या क्षणिक मोठ्या आवाजासाठी सुमारे 450 मिलिवॅट लागतात. तिथे डोंगल कमी पडतो आणि ताकदवान ॲम्प हवाच. तो महागडाच असायला हवा असं मात्र नाही.

जोडणी

डोंगलला वाय-स्प्लिटर (एका जॅकची दोन तोंडं करणारा जोड) लावा. एक तोंड हेडफोनसाठी मोकळं ठेवा, हा 'अ'. दुसऱ्या तोंडातून ऑक्स केबल (दोन्ही टोकांना हेडफोनसारखा प्लग असलेली तार) ॲम्पच्या इनपुटला न्या. ॲम्पचा हेडफोन जॅक हा 'ब'. स्रोत एकच राहिल्यामुळे फरक ऐकू आलाच तर तो ॲम्पमुळेच असेल. दोन ॲम्पची आउटपुटं स्प्लिटरने एकत्र जोडून एका हेडफोनला कधीही देऊ नका. दोन्ही एकमेकांवर प्रवाह ढकलतात आणि खराब होऊ शकतात.

पातळी जुळवणं

सगळी चाचणी या एका पायरीवर उभी आहे, इथे घाई नको. नेहमीचं गाणं लावून 'अ'चा आवाज सोयीचा करा आणि फोनला पुन्हा हात लावू नका. हेडफोन कानावरून काढा, मग 200 हर्ट्झचा साइन टोन (एकाच पट्टीचा सलग सूर) वाजवा. हेडफोनच्या प्लगला दुसरा स्प्लिटर लावून त्याच्या रिकाम्या तोंडात ऑक्स केबल घाला. तिच्या मोकळ्या प्लगचं टोक आणि बुडाचा भाग यांना मल्टिमीटरचे (व्होल्टेज मोजणाऱ्या यंत्राचे) प्रोब टेकवले की एसी व्होल्टेज दिसतो. सर्वांत स्वस्त पिवळ्या मल्टिमीटरवर बहुधा एसीची 200 आणि 750 व्होल्टचीच रेंज असते, ती इथे निरुपयोगी. 2 व्होल्टची एसी रेंज असलेला मीटर घ्या.

'अ'वर 0.300 व्होल्ट आला, तर ॲम्पचा नॉब फिरवून 'ब'वर 0.297 ते 0.303 च्या आत आणा. हा फरक 0.1 डेसिबलच्या आत राहतो. कानाने जुळवलेली पातळी एवढी अचूक येत नाही.

न बघता ऐकणं

मदतनीस तुमच्या पाठीमागे बसेल. आधी 'अ' आणि 'ब' नाव सांगून हवे तितके ऐका. मग प्रत्येक फेरीला त्याने नाणं उडवून एक निवडायचा, कागदावर लिहायचा आणि गप्प राहायचं; तो 'अ' की 'ब' ते तुम्ही ओळखायचं. तोच जॅक पुन्हा आला तरी प्लग काढून घालायचा, नाहीतर खटक्यावरूनच उत्तर कळतं. तुकडे 10-15 सेकंदांचे पुरेत, कारण बारीक फरकाची आठवण फार टिकत नाही. तानपुऱ्याची जवारी आणि डग्ग्याचा घुमार माझ्या मते इथे उत्तम. उंच स्वर आणि खर्ज दोन्ही त्यात तपासले जातात.

16 फेऱ्या करा. 12 किंवा जास्त बरोबर आल्या, तर निव्वळ नशिबाने तसं होण्याची शक्यता 100 त सुमारे 4 आहे, म्हणजे फरक बहुधा खराच ऐकू येतोय. 8-9 बरोबर आल्या, तर ते पैसे आणखी चांगल्या हेडफोनसाठी ठेवा. आवाज खरोखर बदलतो तो हेडफोन बदलल्यावर.

फरक सापडलाच तर

बहुतेक वेळा कारण ॲम्पच्या आउटपुट इम्पिडन्समध्ये, म्हणजे त्याच्या स्वतःच्या आतल्या अडथळ्यात, असतं. काही व्हॉल्व्ह ॲम्पमध्ये (काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणाऱ्या) तो 100 ओहमच्या वर असतो, आणि एचडी 650 सारख्या हेडफोनचा खर्ज त्याने सुमारे 1 डेसिबल उचलला जातो. असा खर्ज अनेकांना आवडतो, आणि आवडत असेल तर तो ॲम्प जरूर घ्या. पण हा स्वराचा बदल आहे, दर्जाचा नव्हे.

आउटपुट इम्पिडन्स मोजायचा असेल तर हेडफोन न लावता व्होल्टेज घ्या, मग त्याच जागी 33 ओहमचा रोधक (रेझिस्टर) लावून पुन्हा घ्या. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा, 1 वजा करा, 33 ने गुणा. 0.500 चा 0.485 झाला तर उत्तर सुमारे 1 ओहम. हेडफोनच्या इम्पिडन्सच्या आठव्या भागापेक्षा हे कमी असावं: 32 ओहमच्या हेडफोनला 4 ओहमपर्यंत चालतं.