कुबरनेटीसमध्ये नोड ड्रेन करताना या चुका टाळा

कर्नलला पॅच मारायचा असो, रॅम वाढवायची असो की क्यूबलेटची (नोडवर पॉड चालवणाऱ्या एजंटची) आवृत्ती बदलायची असो, नोड, म्हणजे कुबरनेटीस क्लस्टरमधलं एक मशीन, काही काळ बाजूला काढावाच लागतो. त्यासाठी त्यावरचे पॉड (कंटेनरचे गट) हलवून तो रिकामा करणं म्हणजे ड्रेन. कमांड एका ओळीची आहे: `क्यूबसीटीएल ड्रेन वर्कर-३ --इग्नोअर-डेमनसेट्स`. शेवटचा फ्लॅग प्रत्येक नोडवर चालणारे डेमनसेटचे पॉड जागेवरच सोडतो. निम्म्या वेळा कमांड सुरळीत चालते. उरलेल्या वेळी ती अडते, आणि मग लोक एकामागून एक फ्लॅग जोडत सुटतात. अडलेला ड्रेन बहुतेक वेळा क्लस्टरमध्ये आधीपासूनच असलेली गडबड दाखवत असतो. म्हणून आधी तो का अडला ते वाचा, मग फ्लॅगला हात लावा.

"दोन मिनिटांचं तर रीबूट आहे"

असं म्हणून ड्रेन न करताच मशीन बंद करणं ही सगळ्यात जुनी चूक. नोड गप्प झाला हे कंट्रोल प्लेनच्या (क्लस्टर चालवणाऱ्या भागाच्या) लक्षात यायला ४० सेकंद लागतात (कुबरनेटीस १.३२ पासून ५०). तोवर सर्व्हिस मेलेल्या पॉडकडेही ट्रॅफिक पाठवत राहते. नोड 'नॉटरेडी' झाल्यावरही पॉड लगेच दुसरीकडे जात नाहीत, कारण प्रत्येक पॉडला आपोआप ३०० सेकंदांचं टॉलरेशन (तेवढा वेळ त्याच नोडवर राहण्याची मुभा) मिळालेलं असतं. म्हणजे एकच रेप्लिका (पॉडची प्रत) असलेली सेवा मशीन परत येईपर्यंत किंवा पाच-सहा मिनिटं तरी बंद.

नुसतं कॉर्डन करूनही भागत नाही. कॉर्डनमुळे नवे पॉड येणं थांबतं, आतले तसेच चालू राहतात. ड्रेन स्वतःच आधी कॉर्डन करतो, त्यामुळे एका नोडसाठी ते वेगळं करायची गरज नाही. पाच नोड ओळीने रिकामे करायचे असतील तर मात्र, बाकीच्या नोडांवर जागा पुरत असल्यास, पाचही आधी कॉर्डन करा. नाहीतर पहिल्यावरून हुसकलेला पॉड दुसऱ्यावर बसतो, तिथून तिसऱ्यावर, आणि बिचाऱ्याची दिवसभर वरात निघते.

पीडीबीवर अडलेला ड्रेन

पीडीबी, म्हणजे पॉड डिसरप्शन बजेट, एका वेळी सेवेचे किती पॉड हलवता येतील याची मर्यादा ठरवतं. ती आडवी आली की स्क्रीनवर तीच ओळ पुन्हा पुन्हा येते: पॉड हलवला तर डिसरप्शन बजेटचा भंग होईल, ५ सेकंदांनी पुन्हा प्रयत्न करतो. ड्रेनचा टाइमआउट मुळात शून्य, म्हणजे अमर्याद असतो. पाइपलाइनमधून चालवलेला ड्रेन रात्रभर असाच लटकू शकतो, तेव्हा `--टाइमआउट` नेहमी द्या.

मग सगळ्या नेमस्पेसमधले (क्लस्टरच्या विभागांमधले) पीडीबी काढून 'अलाउड डिसरप्शन्स' हा रकाना बघा. जिथे ० आहे तिथे घोडं अडलंय. कारणं ठरलेली असतात.

एक रेप्लिका आणि 'मिनअव्हेलेबल' (किमान किती पॉड चालू हवेत) १. हा पॉड ड्रेनने कधीच हलणार नाही, कारण एव्हिक्शन (ड्रेनने पॉड हुसकणं) आधी जुना पॉड काढतं; नवा उभा राहीपर्यंत थांबत नाही. रेप्लिका तात्पुरत्या २ करा, दुसरा पॉड रेडी झाला की ड्रेन पुढे सरकतो. याहून सोपा मार्ग असा: नोड कॉर्डन करून त्या डिप्लॉयमेंटला (पॉडच्या प्रती सांभाळणाऱ्या व्यवस्थेला) `रोलआउट रीस्टार्ट` द्या. रोलिंग अपडेटमध्ये 'मॅक्ससर्ज' (जास्तीचे किती पॉड उभे करता येतील) २५ टक्के वर पूर्णांकित होऊन १ होतं आणि 'मॅक्सअनअव्हेलेबल' (किती पॉड बंद चालतील) २५ टक्के खाली येऊन ०. त्यामुळे आधी दुसऱ्या नोडवर नवा पॉड उभा राहतो, मग जुना जातो. रोलआउटला पीडीबी आडवा येत नाही.

टक्केवारीचा घोळही नेहमीचा. ३ रेप्लिका आणि 'मिनअव्हेलेबल' ९० टक्के, म्हणजे २.७. पीडीबीत हा आकडा वर जातो, म्हणजे ३, आणि सवलत उरते शून्य. त्याऐवजी 'मॅक्सअनअव्हेलेबल' १० टक्के लिहिलं, तर ०.३ वर जाऊन १ होतं आणि ड्रेन चालतो. त्यामुळे आम्ही 'मॅक्सअनअव्हेलेबल'च लिहा म्हणू.

कधीकधी अडवणारा पॉड मुळातच आजारी असतो. क्रॅशलूपमध्ये फिरणारे (पुन्हा पुन्हा कोसळणारे) पॉड निरोगी मोजले जात नाहीत, बजेट शून्यावर येतं, आणि तो बिघडलेला पॉडही हलवता येत नाही. पीडीबीत 'अनहेल्दीपॉडएव्हिक्शनपॉलिसी' हे 'ऑलवेजअलाउ' ठेवलं की ही कोंडी फुटते. १.३१ मध्ये ही सोय स्थिर झाली.

एरर ४२९ (बजेट आडवं आलं) ऐवजी ५०० (सेटिंगमध्ये चूक) आली तर वाट बघण्यात अर्थ नाही. एकाच पॉडला दोन पीडीबी लागू झाले आहेत का ते पाहा. एक हेल्म चार्टने (तयार इन्स्टॉल पॅकेजने) बनवलेला, दुसरा टीमने हाताने लिहिलेला, असं हमखास सापडतं. एक काढून टाका.

आणि पॉड निघाला पण नवा 'पेंडिंग'मध्येच राहिला, तर जागा किंवा अँटी-अफिनिटी (दोन प्रती एकाच नोडवर नकोत हा नियम) तपासा. ३ नोड, ३ रेप्लिका आणि सक्तीची अँटी-अफिनिटी असेल तर तिसऱ्या पॉडला बसायला जागाच नाही. पहिला नोड परत येईपर्यंत दुसरा ड्रेन अडणारच, आणि ते बरोबरच आहे.

फ्लॅगचे गैरसमज

`--फोर्स` लावला की पीडीबी बाजूला सरतो असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं होत नाही. हा फ्लॅग डिप्लॉयमेंट, स्टेटफुलसेट (डेटा ठेवणारे पॉड सांभाळणारी व्यवस्था) असा कुणी वाली नसलेल्या सुट्या पॉडसाठी आहे. तो लावला की असे पॉड उडतात आणि पुन्हा कुठेही उभे राहत नाहीत. पीडीबीला खरोखर डावलतो तो `--डिसेबल-एव्हिक्शन`. तो एव्हिक्शनऐवजी थेट डिलीट करतो, म्हणून त्याला हात लावण्याआधी त्या सेवेच्या मालकाला विचारा.

`--डिलीट-एम्प्टीडर-डेटा` हा सवयीने टाकायचा फ्लॅग नव्हे. एम्प्टीडर म्हणजे पॉडबरोबर पुसली जाणारी तात्पुरती जागा; तीत कॅशे असेल तर गेली तरी बिघडत नाही. पण प्रोमिथिअसला (मेट्रिक्स साठवणाऱ्या टूलला) कायमची डिस्क दिलेली नसेल तर सगळा जुना मेट्रिक्स तिथेच असतो आणि पॉडबरोबर जातो. त्या नोडवर एम्प्टीडर वापरणारे पॉड कोणते, ते आधी `--ड्राय-रन=सर्व्हर` (प्रत्यक्ष काही न हलवणारी चाचणी) देऊन बघा.

डिस्कचा आणखी एक फटका: लोकल पर्सिस्टंट व्हॉल्यूम (नोडच्याच डिस्कवरची कायमची जागा) त्या नोडलाच बांधलेला असतो, त्यामुळे पॉड दुसरीकडे सुरूच होत नाही. क्लाउडवर हेच झोनचं. एडब्ल्यूएसच्या मुंबई रिजनमध्ये एका झोनमधली ईबीएस डिस्क दुसऱ्या झोनमधल्या नोडला लागत नाही. तेव्हा ड्रेनआधी त्याच झोनमध्ये रिकामी जागा आहे ना, ते बघून घ्या.

ड्रेन झाला, पण युजरला ५०२ एरर दिसले

पॉडला सिगटर्म ('बंद हो' हा सिग्नल) जाणं आणि एंडपॉइंटच्या (ट्रॅफिक घेणाऱ्या पॉडच्या) यादीतून त्याचं नाव निघणं या गोष्टी समांतर चालतात. अॅप लगेच बंद झालं तर मधल्या एक-दोन सेकंदांतल्या रिक्वेस्ट आपटतात. 'प्रीस्टॉप'मध्ये (सिगटर्मच्या आधी चालणाऱ्या पायरीत) ५ ते १० सेकंदांचा स्लीप टाका. हा वेळ 'टर्मिनेशन ग्रेस पीरियड'मध्येच (पॉडला बंद व्हायला मिळणाऱ्या वेळात) मोजला जातो, आणि तो मुळात फक्त ३० सेकंद असतो. जुन्या रिक्वेस्ट संपवायला २५ सेकंद लागत असतील तर तो ४५ वर न्या.

उलट प्रत्येक पॉड बरोबर ३० सेकंद घेऊनच मरत असेल, तर सिगटर्म अॅपपर्यंत पोहोचत नाहीये. बहुधा कंटेनरमध्ये शेल स्क्रिप्ट पीआयडी १ (पहिला प्रोसेस) आहे आणि ती सिग्नल पुढे देत नाही. स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत अॅपच्या आधी `एक्झेक` लिहा.

'टर्मिनेटिंग'मध्ये अडकलेला स्टेटफुलसेटचा पॉड ग्रेस पीरियड ० देऊन जबरदस्तीने काढू नका. नोडवर तो प्रोसेस अजून जिवंत असला तर एकाच नावाचे दोन पॉड एकाच डेटावर लिहायला लागतात. मशीन खरोखर बंद असल्याची खात्री झाली, तरच नोडवर 'आउट-ऑफ-सर्व्हिस' टेंट (नोडवरची खूण) लावा. पॉड आणि व्हॉल्यूम दोन्ही सुटतात.

काम झाल्यावर

ड्रेन संपला तरी डेमनसेटचे आणि स्टॅटिक (क्यूबलेट थेट चालवतो ते) पॉड नोडवर दिसतातच. त्याने गोंधळू नका. कंट्रोल प्लेनचे नोड मात्र एका वेळी एकच घ्या. ३ सदस्यांच्या ईटीसीडीला (क्लस्टरची माहिती ठेवणाऱ्या डेटाबेसला) किमान २ हवेतच, आणि स्टॅटिक पॉड असल्यामुळे इथे ड्रेन तुम्हाला अडवणार नाही.

मशीन परत आल्यावर `अनकॉर्डन` विसरणारे पुष्कळ. नोडच्या यादीत 'रेडी'च्या पुढे 'शेड्यूलिंगडिसेबल्ड' दिसलं की समजा. आणि अनकॉर्डन केल्यावरही गेलेले पॉड आपणहून परतत नाहीत. नोड रिकामाच राहिला तर मोठ्या डिप्लॉयमेंटना गर्दी नसताना रोलआउट रीस्टार्ट द्या.