एकाच ट्रकमधून घोडे आणि गाईगुरे नेताना: हौद्याच्या बांधणीपासून उतरवण्यापर्यंत

इंदूरच्या परिसरात एकाच घरी दुभत्या गाई आणि वरातीच्या घोड्या असणे नवलाचे नाही. अशा घरी दोन्ही जनावरांसाठी एकच ट्रक वापरता येईल का, हा प्रश्न केव्हातरी येतोच. वापरता येतो, मात्र हौदा घोड्याच्या मापाने बांधलेला असावा. त्यात गाय सुखाने जाते, पण गाईच्या मापाच्या हौद्यात घोडा नीट उभाही राहत नाही. दोन्ही जनावरे एकाच खेपेत नेण्याचा मोह मात्र टाळावा.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२५-ई हा नियम १ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. त्यानुसार जनावरांच्या गाडीत प्रत्येक जनावरासाठी कायमस्वरूपी वेगळा कप्पा असावा लागतो. गाय किंवा म्हैस असेल तर तो किमान २ चौरस मीटरचा आणि घोडा असेल तर २.२५ चौरस मीटरचा. कप्पे कायमचे असल्यामुळे मोठे माप धरणे हाच सोपा मार्ग ठरतो. असा बदल करून घेतल्यावर आरटीओकडून विशेष परवाना घ्यावा आणि त्या गाडीत एरवी दुसरा कोणताही माल भरू नये.

माप घेताना हौद्याची आतली रुंदी आधी पाहावी. जनावरांच्या वाहतुकीचे १९७८ चे नियम सांगतात की घोड्यांची तोंडे डावीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या रहदारीपासून दूर असावीत. याचा अर्थ घोडा हौद्यात आडवा उभा राहणार. कप्पा एक मीटर रुंद ठेवायचा तर हौद्याची आतली रुंदी २.२५ मीटर हवी; ती २.१ मीटर असेल तर प्रत्येक कप्पा एक मीटरपेक्षा रुंद करावा लागतो. पिथमपूरला तयार होणारी आयशर घेतली किंवा दुसरी कोणती, हौदा बांधणाऱ्या कारागिराला हे माप लिहूनच द्यावे. आता १७ फुटी, म्हणजे सुमारे ५.२ मीटर लांबीच्या हौद्याचा हिशेब करू. एक मीटरचे पाच कप्पे सहज बसतील असे वाटते; परंतु दोन घोड्यांमध्ये किमान ८ सेंटिमीटर जाडीचा बांबू हवा, आणि चार बांबूंची जाडी मिळवली की बेरीज ५.३२ मीटर होते. म्हणून कप्पे चारच धरावेत आणि उरलेली जागा चारा, पाण्याचे पिंप आणि सोबतच्या माणसासाठी ठेवावी. गाईंची तोंडे इंजिनाकडे असावीत असे नियम सुचवतो, पण ती शक्यतोवरची सूचना आहे. हौदा याहून मोठा असला तरी एका गाडीत सहापेक्षा जास्त गुरे नेता येत नाहीत.

गुरांच्या ट्रकला बाजूंनी बहुधा फळ्या-फळ्यांत फटी ठेवलेल्या असतात. घोडा बिथरून लाथ झाडतो तेव्हा त्याचा खूर अशा फटीत अडकतो आणि पाय मोडतो. त्यामुळे खालच्या भागात फटी पूर्ण बुजवून आतून गादी लावावी आणि हवेसाठी वरचा भाग मोकळा ठेवावा. ताडपत्रीच्या आडव्या लोखंडी कमानी इतक्या उंच असाव्यात की घोड्याने मान उंचावली तरी टाळूवर वीतभर जागा राहील. नाल ठोकलेला पाय लोखंडी पत्र्यावर घसरतो, म्हणून तळाला फळ्या आणि त्यांवर काथ्याची चटई घालतात. मला रबरी मॅट अधिक पसंत आहे, कारण ती बाहेर काढून धुता येते. मूत मुरलेली फळी कितीही धुतली तरी स्वच्छ होत नाही.

बांधण्याची पद्धत दोघांची वेगळी आहे. गाईला वेसणीने कधीही बांधू नये, कारण एका हिसक्याने नाकपुडी फाटते. गळ्यातले दावेच बांधावे. घोड्याला म्होरकीने, झटक्यात सुटेल अशा सुरगाठीने बांधावे आणि दोरी इतकी सैल ठेवावी की त्याला मान खाली घालता येईल. तासन्‌तास मान वर बांधलेल्या घोड्याच्या श्वसनमार्गातील घाण बाहेर पडत नाही आणि त्यातून फुप्फुसांचा गंभीर आजार होतो.

खेपा वेगळ्या ठेवल्या तरी मधली सफाई हेच खरे काम आहे. सर्रा हा आजार चावऱ्या माश्यांमार्फत घोड्याला आणि गुरांनाही होतो. गजकर्णासारखे त्वचारोग फळ्यांवरूनही पसरतात. त्याहून मोठा धोका सांडलेल्या पशुखाद्याचा आहे. गुरांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन हे औषध मिसळलेले असते. गाईला ते पचते, पण घोड्याच्या बाबतीत प्रतिकिलो वजनामागे २ ते ३ मिलिग्रॅम इतकी मात्राही प्राणघातक ठरू शकते. म्हणून प्रथम शेण, लीद, भुसा आणि कोपऱ्यांतील खाद्य खरवडून काढावे, मग साबणाच्या पाण्याने धुवावे आणि शेवटी लिटरमागे ४० ग्रॅम धुण्याचा सोडा घालून केलेले द्रावण फिरवावे. लाळ्या-खुरकुताचा विषाणू त्याने मरतो. शेणावरच औषध ओतले तर त्याचा उपयोग होत नाही. हौदा धुऊन उन्हात पूर्ण वाळल्यावरच पुढची खेप भरावी.

प्रवासास योग्य असल्याचे पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र दोघांनाही लागते. मध्य प्रदेशातून गोवंश राज्याबाहेर नेताना सक्षम अधिकाऱ्याचा परवानाही जवळ असावा. घोड्यांच्या बाबतीत ग्लँडर्सची तपासणी आधीच उरकावी. हा रोग माणसालाही होतो आणि रक्ताचा अहवाल हाती यायला वेळ लागतो.

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारात घोडे नेणाऱ्यांनी रस्त्याचाही विचार करावा. घोड्यांच्या गाडीला ताशी ३५ किलोमीटरची मर्यादा असल्याने संपूर्ण दिवस हाती ठेवून पहाटेच निघावे. मानपूर सोडल्यावर धामनोदकडे उतरणाऱ्या गणपती घाटात ब्रेक निकामी होऊन अनेक अपघात झाले आहेत. तिथे सुरुवातीपासूनच खालचा गिअर ठेवावा. एकदम ब्रेक लावला की आडवा उभा असलेला घोडा बांबूवर आदळतो. घाट संपल्यावर, तसेच पुढे सेंधव्याला, गाडी सावलीत थांबवून पाणी पाजावे.

उतरवताना फाळका सरळ जमिनीवर टेकवून भागत नाही. आडव्या पट्ट्या ठोकलेला, कमी चढाचा रॅम्प लावावा आणि गर्दी दूर ठेवून एकेक जनावर सोडावे. घोड्याला लगेच खुराक न देता आधी पाणी आणि सुका चारा द्यावा. पुढचे दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ त्याचे तापमान पाहावे, ते ३८.५ अंश सेल्सियसच्या वर गेले, खोकला आला किंवा त्याने खाणे सोडले, तर वाट न पाहता डॉक्टरांना बोलवावे.